फुलांवरचं ओलं फडकं

माझ्या आईच्या दोन्ही गालांवर वांग होतं. माझ्या वेळी ती पोटुशी असताना आलं आणि मग गेलंच नाही. डोळ्यांखाली सुरू होऊन ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरलेलं, पांढऱ्या कापडावर चहा सांडल्यावर राहतं तसं. मी लहानपणी फार त्रास दिला की ती गालाला हात लावून म्हणायची, "तू तं पोटात होती तवापासूनच तोंड काळं करून राहिली माहं." आणि हसायची. तिला त्या डागांचं काही वाटत नसे. वाटायचं ते मला, आणि तेही फार पुढे.

तिची कातडी फार नाजूक होती. आम्ही माळी. वलगावात पेढी नदीच्या काठाला आमचा दोन एकरांचा मळा, त्यात वांगी, भेंडी, गवार आणि एका अंगाला फुलं. दिवसभर उन्हात आणि चिखलात राबणाऱ्या बाईला नाजूक कातडी म्हणजे गंमतच म्हणायची, पण होती खरी. लग्नात हळद लावली तर अंगभर गांधी उठल्या होत्या म्हणे. बाजारचं कुंकू लावलं की कपाळ खाजायचं, म्हणून कपाळावरच्या गोंदणावरच तिचं भागायचं. सणासुदीला तेवढं कुंकू टेकवायची आणि संध्याकाळी पुसून टाकायची. हे सगळं मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे कुणी विसरू नये, कारण मी विसरले नव्हते.

गावातल्या देवीची माळ आमच्या घराकडे होती. माळेचा मान घरातल्या बाईचा. आजीकडून तो आईकडे आला होता. रोजची माळ असायची, पण खरी परीक्षा नवरात्राची. घटावर रोज एक अशा नऊ माळा, आणि एकीसारखी दुसरी नाही. आई केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा ओला करून मांडीवर घ्यायची आणि झेंडू, जाई, मरवा असं गुंफत जायची. बोटांकडे बघत नसे. तिच्या बोटांना बारा महिने मरव्याचा वास. तिच्या हातची भाकर खाताना तो मलाही यायचा, आणि मी कुरकुर करायची.

एरवी आई कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात. पण माळेचा विषय निघाला की तिची मान ताठ व्हायची. गावातल्या पाटलिणीलाही ती सांगायची, "देवीच्या गळ्यात माह्या हातचं असते." तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

माझं लग्न अकोल्याला झालं. नवरा एका खाजगी डॉक्टरकडे कंपाउंडर. म्हणजे मळ्यातली पोर एकदम शहरात, नळाच्या पाण्याच्या घरात गेली. मी लवकरच शेफारले. शेजारच्या बायका काठाची लुगडी नेसायच्या, त्यांच्यासारखं बोलायची धडपड करायची मी. "मले" म्हणायची जीभ वळवून "मला" म्हणायची. नवरा हसायचा. मला राग यायचा.

एका चैत्रात मी घरी हळदीकुंकू केलं. आई वलगावहून फुलं घेऊन आली. अमरावतीला गाडीत बसायचं, बडनेऱ्याला उतरून मुंबईकडची गाडी धरायची, असा तिचा जन्मातला पहिला मोठा प्रवास. पाटी डोक्यावर, वर ओलं फडकं. आल्याआल्या ती पडवीत बसली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी वेणी गुंफायला लागली. शेजारच्या वकिलीणबाई वेणी घेऊन आत आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडची ही फुलवाली छान गुंफते हो. पण तिच्या तोंडावर ते काय आहे? तिच्या हातची वेणी माळली तर चालेल ना?"

मी म्हणाले, "वांग आहे ते. काही होत नाही त्याने."

एवढंच म्हणाले. ती माझी आई आहे, हे म्हणाले नाही. पडवी आणि बैठक यांच्यामध्ये एक पडदा होता, जुन्या लुगड्याचा. त्यातून आवाज जातो की नाही, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. आई रिकामी पाटी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्यानंतर ते डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. आईला फुलवाली म्हणू दिलं याची लाज वाटायला हवी होती. मला डागांची वाटली. माणूस आपली चूक कुठे नेऊन ठेवील, सांगता येत नाही.

त्याच सुमाराला आमच्या डॉक्टरकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाची बायको यायला लागली. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाने तिच्या तोंडावर काळे ठिपके उठले होते. डॉक्टर तिला एक जहाल औषध लावायचा. कार्बोलिक आणि त्यात आणखी कसलंसं मिसळलेलं. डागावर थेंबभर लावायचं, ठरावीक आकडे मोजायचे, टिपून घ्यायचं. आठ दिवसांत वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायची आणि खालून नवी निघायची. नवरा जेवताना हे सांगत होता आणि मी वाढायची थांबले.

महिनाभर मी त्याच्या मागे लागले. तो नाही म्हणत राहिला. "डाक्तर लय कडक आहे. आधीच्या कंपाउंडरनं नुसती डोकेदुखीची पुडी न इचारता देल्ली तं त्याले हाकलला. आन् हे तं जहाल औषध. तुह्या मायची कातडी कशी हाये, तूच सांगतं ना?" मी रुसले, जेवले नाही, बोलले नाही. जे जे करायचं ते सगळं केलं. शेवटी भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी माहेरी निघाले तेव्हा त्याने एक निळी बाटली माझ्या हातात दिली, अंगठ्याएवढी. आणि तीन-तीनदा बजावलं. आधी कानामागे मुगाएवढं लावायचं आणि आठ दिवस वाट पाहायची. काही झालं नाही तरच तोंडाला. वीस मोजायचे, स्पिरिटच्या बोळ्याने टिपायचं, मग उघडं ठेवायचं. पाणी लावायचं नाही, उन्हात जायचं नाही.

मला माहेरी पाचच दिवस मिळाले होते. आठ दिवस कानामागे कोण वाट पाहणार?

महालक्ष्म्या उठल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला ओसरीवर बसवलं. भाऊ बाजाराला गेला होता. त्याची बायको, आमची वहिनी, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, ती भाजी खुडत होती. मी बाटली दाखवली. डाग जातील म्हणाले. आणि कुणाला सांगू नको, यांची नोकरी जाईल, हेही म्हणाले.

आईने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या वकिलीनबाईनं म्हटलं म्हनून का?"

माझ्या हातातला बोळा तसाच राहिला. पडद्यातून आवाज गेला होता. मी बाटलीचं बूच काढलं.

"मले काय करायचं आहे आता तोंडाचं," आई म्हणाली. "पन तुले बरं वाटत असन तं लाव."

मी लावलं. वीस मोजले. पहिल्यांदा डाग पांढरे पडले, राखुंडी फासल्यासारखे. आईने मांडी आवळून धरली होती. मी टिपून घेतलं आणि तिला सांगितलं, "पाणी लावू नको हं." ती मान हलवून बरं म्हणाली. मला वाटलं, जमलं. मी बाटली धुवायला विहिरीवर गेले, तिथे जुन्या मैत्रिणी भेटल्या, अकोल्याच्या गोष्टी सांगत बसले. नळाचं पाणी कसं येतं, साहेबाची बायको कशी चालते. तासभर तरी गेला असेल.

परत आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, आणि तिचं तोंड बांधलेलं. फुलांच्या पाटीवर टाकायचं ते ओलं फडकं तिने घडी करून गालांवर ठेवलं होतं, वर केळीचं पान आणि भोवती सोपाचा दोरा.

त्यात तिची काय चूक? जाईच्या कळ्या उन्हाने मलूल व्हायला लागल्या की आमच्यात हेच करतात. ओल्या फडक्यात घ्यायच्या, वरून पान झाकायचं, बांधून सावलीत ठेवायच्या. तासाभराने तरतरीत. तिच्या आयुष्यात जे जे पोळलं, ते तिने असंच वाचवलं होतं.

"लय जळून राहिलं होतं," ती पानाआडून म्हणाली. "पानी नाई लावलं. नुसतं फडकं ठेवलं."

मी फडकं सोडलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली.

पुढचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. सासरी निरोप धाडला की आईला ताप आहे. आई आतल्या खोलीत निजून असायची. मी तूप लावायची, माशा वारायची. तोंड सुजून डोळे बंद झाले होते. आल्यागेल्याला आम्ही ताप सांगत होतो, पण वहिनी साधी पोर, विहिरीवर कुणीतरी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून गेलं की नणंदेने अकोल्याहून दवाई आणून लावली. मला घ्यायला नवरा आला. त्याने दारातूनच आईचं तोंड पाहिलं आणि मला बाहेर घेऊन विचारलं, "कानामागे लावून पाह्यलं होतं?" मी मान हलवली, नाही म्हणून. "मंग बांधून ठेवलं? वरून पान?" तो ओट्यावर खाली बसला. उघडं ठेवायचं ते याचसाठी, म्हणाला. कोंडलं की ते आत आत जात राहते. मला तो एकही वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आईचं करायला मला तिथेच ठेवून तो एकटाच परत गेला.

खपल्या पडल्या. मला आशा होती की खालून नवी कातडी येईल, साहेबाच्या बायकोला आली तशी. आली ती पांढरी. दोन्ही गालांवर रुपयाएवढे, कुठे त्याहून मोठे पांढरेफटक चट्टे, आणि त्यांच्या कडेने वांग पहिल्यापेक्षा काळं. आईने पाण्याच्या घंगाळ्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच पाण्याने हात धुतले आणि फुलं तोडायला गेली, कारण घट बसायला दोनच दिवस उरले होते.

आमच्याकडे रीत अशी की सर्वपित्रीच्या संध्याकाळी देवळातली गुरवीण माळिणीच्या घरी येते, नारळ-सुपारी देते आणि नऊ माळांचं सांगणं करते. त्या वर्षीही ती आली. ही गुरवीण आईची जुनी मैत्रीण, दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. आई ओसरीवर आली. गुरवीण नारळ पुढे करता करता थांबली.

"हे काय झालं वं बाई?" ती म्हणाली. "पोरीनं कायतरी दवाई लावली म्हनत होते विहिरीवर, तेच का हे?"

मी दाराशी पाण्याचा गडवा घेऊन उभी होते.

"दवाईनं भाजलं असन तं काही हरकत नाही," गुरवीणच पुढे म्हणाली. "भाजलेल्या हातानं माळ चालते, तोंडाचं तं सोडाच. माळ तुमचीच. पन जावई ज्याच्याकडं आहे त्या डाक्तरले मी सोडत नाही. माहा भाऊ अकोल्यालेच आहे, त्याच्याच दवाखान्यात जाते. उद्या चिठ्ठी धाडते, जाब इचारायले लावते. असं कोनी कोनाचं तोंड जाळते का?"

तिच्या मनात आईचंच भलं होतं. आणि खरं तेच ती विचारत होती. आईने नुसतं "हो" म्हणायचं होतं. नाहीतर मी म्हणायचं होतं. हो म्हटलं की माळ राहत होती आणि नवऱ्याची नोकरी जात होती. न बोलण्याने काय जाणार, हे ओसरीवरच्या आम्हा तिघींनाही ठाऊक होतं, कारण दवाई नसेल तर पांढऱ्या चट्ट्याला गावात एकच नाव होतं.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. चैत्रात पाटी उचलताना तिने मला शेवटचं पाहिलं असेल, तसंच.

"दवाई नाही बाई," ती म्हणाली. "कोड आलं. आधीच उठलं होतं, वांगात दिसत नव्हतं. त्याच्यासाठीच पोरगी दवाई घेऊन आली होती, पन गेलं नाही."

गुरविणीचा नारळाचा हात मागे आला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण हात मागे आला. कोड उठलेल्या बाईच्या हातची माळ देवीला चालत नाही, असं तेव्हा सगळेच मानत. आज मी कुणालाही सांगते की कोड म्हणजे पाप नाही, रोगराई नाही, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण ते शहाणपण त्या ओसरीवर कुणाजवळ नव्हतं, आणि ज्या एकीजवळ खरी गोष्ट होती ती गडवा धरून उभी होती.

नारळ वहिनीच्या ओटीत पडला.

वहिनीला माळ येत नव्हती. त्या नवरात्रात आई पहाटे अंगणाच्या एका टोकाला बसायची, हात पदरात घेऊन, आणि वहिनी दुसऱ्या टोकाला. "दोन झेंडू. आता मरवा. मरवा उलटा नको धरू, वास खाली जाते. ओढ दोरा. इतका नाई, मान तुटन फुलाची." नऊ दिवस असं चाललं. माळ चुकली की आईची बोटं पदराच्या आत हलताना दिसायची. फुलझाडांना पाणी घालायला, निंदायला कोड चालत होतं. तोडायला आणि गुंफायला नाही. हे शास्त्र कुणी केलं त्याला मी अनेकदा मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. पण शास्त्रावर राग काढणं सोपं असतं. घट उठल्यावर मी अकोल्याला परत गेले, नळाच्या घरात.

वर्षं गेली. मला तीन मुलं झाली. डॉक्टर म्हातारा होऊन वारला, नवऱ्याने स्वतःचं औषधाचं दुकान काढलं. लढाई सुरू झाली, संपली. आता आमची नोकरी जायची भीती उरली नव्हती. मी चौथ्या खेपेला पोटुशी होते, तेव्हा एका दुपारी वलगावला गेले आणि आईजवळ बसले. ती तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

"माय, मले आता सांगू दे," मी म्हणाले. तिच्याजवळ माझी जीभ आपोआप वळायची. "गुरवीनले, पाटलीनले, सगळ्याइले. कोड नव्हतं म्हनून. मी केलं म्हनून. त्या वकिलीनबाईपुढं मी तुले माय नाही म्हटलं, तवापासूनचं सगळं."

ती शेंगा सोलतच राहिली. "तुह्या वैनीची माळ पाह्यली तू यंदा?"

"पाह्यली."

"माह्यापेक्षा बरी गुंफते आता. देवीच्या गळ्यात चढली की पोरीची मान कशी ताठ होते, पाह्यलं?" तिने सोललेले दाणे टोपल्यात टाकले. "आता मले कोड नव्हतं म्हनून सांगशीन, तं तिच्या हातातली माळ मी काढून घेऊ का?"

खरं बोलायला मी इतका उशीर केला होता की आता त्या खऱ्याने दुसऱ्याच कुणाचं तरी हिरावलं गेलं असतं.

मी रडले. चांगली हमसून रडले, आईने मला रडू दिलं. मग पदराला हात पुसून तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. माझ्या गालांवरही त्या खेपेला वांग उतरलं होतं, डोळ्यांखालून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत. घरी मी ते पावडरीखाली झाकत असे. प्रवासात पावडर उतरली होती, उरलेली आता डोळ्यांच्या पाण्याने गेली.

"हे कवा आलं?"

"याच खेपेले."

तिने अंगठा माझ्या गालावरून हळूच फिरवला, एका बाजूने, मग दुसऱ्या. "काही लावू नको बापा," ती म्हणाली. "राहू दे तसंच."

तिच्या अंगठ्याला ओल्या शेंगांचा वास येत होता. मी तिचा हात तसाच गालावर धरून ठेवला आणि मरव्याचा वास शोधत राहिले.